चार हात मारा आणि थांबा

ताई, नमस्कार.

मी ४८ वर्षांची, बँकेत नोकरी, राहायला गोरेगावला. माहेर वाईचं, त्यामुळे पोहायला शिकले ती कृष्णेत, पाठीला डबा बांधून. लग्नानंतर वीस वर्षं पाण्यात पाय घातला नाही. करोनानंतर पालिकेच्या तलावाचं सभासदत्व घेतलं, आता आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाच्या बॅचला जाते. ब्रेस्टस्ट्रोकचे ३० लॅप न थांबता होतात, फ्रीस्टाइलचे १६.

आमच्याकडे सत्तरीतले एक काका येतात. वॉर्म-अप झाला की एकच लॅप बटरफ्लाय मारतात, दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत, आवाजसुद्धा येत नाही, आणि मग निवांत बॅकस्ट्रोक करत राहतात. त्यांना बघून मला खूळ लागलं. आठ महिने झाले. सहा-सात हात होतात, मग कंबर खाली, पाय खाली, तोंडात पाणी. दमले की पाय आपोआप ब्रेस्टस्ट्रोकचे, बेडकासारखे पडतात आणि कोच लांबून शिट्टी मारतो. तो असेल बावीस-तेवीसचा. म्हणतो, "काकू, पोटात ताकद नाहीये तुमच्या. आणि या वयात बटरफ्लाय कशाला? फ्रीस्टाइल छान आहे की." मुलगी एकदा सोबत आली होती. ती म्हणाली, "आई, फुलपाखरू नाही गं, पावसात भिजलेला कावळा."

उजवा खांदा संध्याकाळी ठणकतो. जिम लावू का? की सोडूनच देऊ? शेजारच्या लेनमधले लोक थांबून बघतात तेव्हा फार ओशाळल्यासारखं होतं.

भिजलेला कावळा, गोरेगाव

---

कावळेताई,

नाव तुम्हीच घेतलंत, तेव्हा रागावू नका. मला ते आवडलं. भर पावसात फुलपाखरं पानाखाली लपून बसतात, कावळा मात्र भिजत का होईना, उडत असतो.

तुमच्या अख्ख्या पत्रातले सगळ्यात कामाचे तीन शब्द तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "आवाजसुद्धा येत नाही." काका सत्तरीचे, कोच बावीस-तेवीसचा. दंडात, पोटात, मांड्यांत जोर कुणाचा जास्त, हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही रोज सकाळी धाप न लागता, पाणी न उडवता पलीकडे जातात ते काका. म्हणजे त्यांच्याकडे जे आहे त्याला ताकद म्हणता येणार नाही. बटरफ्लायमध्ये आवाज होतो तो चुकलेल्या वेळेचा. हात पाण्यावर आपटतात कारण अंग खाली गेलेलं असतं, पाय धप्पकन वाजतात कारण ते गुडघ्यातून मारलेले असतात. उद्या काका पोहायला लागले की त्यांचे हात बघू नका, कंबर बघा. ती पाण्याच्या पृष्ठभागापासून फारशी लांब जात नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

जिमचा प्रश्न आधी निकालात काढते. लावायची तर जरूर लावा, आपल्या वयात हाडांना थोडं वजन उचलायची गरज असतेच. पण बटरफ्लाय येत नाही म्हणून लावू नका. आहे हीच पद्धत ठेवून ताकद वाढवलीत, तर सहाव्या हाताऐवजी नवव्या हाताला बुडाल, आणि खांदा जास्त दुखेल.

आता बिघडतंय कुठे ते बघू. तुम्ही बँकेतल्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. फ्रीस्टाइलमध्ये एक हात हवेत असतो तेव्हा दुसरा पाण्यात काम करत असतो. काउंटरवरचा एक जण जेवायला उठला तर शेजारचा बसलेला असतो, गिऱ्हाईक खोळंबत नाही. बटरफ्लायमध्ये दोघे एकदम डबा खायला जातात. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात शाखा कोण चालवणार? तुमच्या पत्रावरून दिसतं की कुणीच चालवत नाही. हात बाहेर आले की सगळं अंग त्यांची वाट बघत खाली खाली जातं, आणि पुढच्या वेळी तेच हात पाणी तर ओढतातच, वर बुडालेलं अंगही उचलतात. सहा-सात वेळा त्यांनी हे केलं हीच कमाल आहे. पोटात ताकद नसती तर दुसऱ्याच हाताला थांबला असतात.

ती रिकामी वेळ सांभाळायची असते छातीने आणि पायांनी. छातीचं आधी सांगते, कारण कोच मंडळी "किक मार, किक मार" एवढंच ओरडतात आणि छातीचं नावच काढत नाहीत.

कृष्णेतला तो डबा आठवा. पाण्यात दाबला की उसळून वर यायचा. तो डबा तुम्ही अजून सोबत घेऊन फिरताय, फक्त आता तो पाठीवर नाही, बरगड्यांच्या आत आहे. दोन्ही फुप्फुसांत हवा भरलेली, म्हणून अंगाचा हा भाग सगळ्यात जास्त तरंगतो, आणि पाय सगळ्यात जड. पालथं पडून छाती जरा खाली दाबली की बागेतल्या सी-सॉसारखी दुसरी बाजू, म्हणजे कंबर, वर येते. दाब सोडला की छाती आपोआप उसळते. या दाबण्या-सोडण्यातून जी लाट निघते ती छातीतून कमरेत, कमरेतून मांड्यांत आणि शेवटी पावलांत जाते. पावलं फक्त ती लाट पाण्याला देऊन टाकतात. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करताय. गुडघे दुमडून पाय आपटायचे आणि त्या धक्क्याने सगळं अंग हलेल अशी आशा करायची. सतरंजी झटकताना आपण हातातलं टोक हलवतो ना? पलीकडचं टोक कुणी जाऊन हलवत नाही.

पायांचे झटके एका हाताला दोन. पहिला, दोन्ही हात पुढे पाण्यात शिरतात तेव्हा. हा सगळ्यांना जमतो, कारण तो आपसूक येतो. दुसरा, हात पोटाखालून मांड्यांकडे ढकलत बाहेर पडतात तेव्हा. हा दुसरा बहुतेकांचा एक तर उशिरा पडतो किंवा गायबच असतो, आणि माझी खात्री आहे की तुमचा गायब आहे. खांद्याचं दुखणं तिथूनच आलंय. संध्याकाळी दादरला लेडीज डब्यात चढताना काय करता? मागून लोंढा येतो त्याच क्षणी पाऊल उचललं तर आपण चढत नाही, चढवल्या जातो. अर्धा सेकंद चुकला की दांड्याला लटकून स्वतःला आत ओढून घ्यावं लागतं आणि खांद्यात कळ येते. दुसरा झटका म्हणजे तो लोंढा. तो वेळेवर आला तर खांदे पाण्याबाहेर उचलले जातात आणि हात सैल, जवळजवळ लोंबत पुढे येतात, करंगळीची बाजू आधी बाहेर. तो चुकला तर ओल्या चादरीसारखे जड हात खांद्याने उपसावे लागतात. आठ महिने, आठवड्यातून चार दिवस तुम्ही दांड्याला लटकताय.

श्वासाचं एकच सांगते. हात पाणी ओढायला लागले की मान उचलायला सुरुवात, हात मागे ढकलताना तोंड बाहेर, आणि हात हवेतून खांद्यांच्या रेषेत येईपर्यंत तोंड पुन्हा पाण्यात. डोकं हातांच्या आधी घरी पोचलं पाहिजे. हनुवटी पाण्याला चिकटलेली, नजर समोरच्या भिंतीवर नको, पुढच्या पाण्यावर. भिंतीवरचं घड्याळ दिसत असेल तर तुम्ही फार वर आलात. जितकं वर तितकी कंबर खाली, हिशोब इतका सरळ आहे. आणि श्वास पाण्यातच सोडून या, वर आल्यावर सोडायला आणि घ्यायला दोन्हीला वेळ नसतो.

ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांची एक खास खोड असते, तीही तुमच्यात असणार. हात पुढे गेले की अंग ताणून जरा सरकत राहायचं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ते शहाणपणाचं आहे, इथे घातक. हात पुढे ताटकळले की लाट मरते. भल्याभल्यांना हे भोवलंय. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायच्या शेवटी सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता आणि हात ताणून भिंतीकडे सरकत गेला. मायकेल फेल्प्सने तेवढ्यात आणखी एक अर्धामुर्धा हात मारून भिंत गाठली. फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. तुम्हाला शतांश सेकंदाशी काही देणंघेणं नाही, पण सरकणारं अंग वेग किती पटकन गमावतं हे त्यावरून कळतं.

आता त्या शिट्टीकडे येते, कारण तिथे मला तुमची बाजू घ्यायची आहे.

बटरफ्लायचं माहेर ब्रेस्टस्ट्रोक. १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकचा नियम असा होता की दोन्ही हात एकदम पुढे न्यायचे; पाण्याखालून न्यायचे की वरून, यावर नियम गप्प होता. काही चलाख मंडळींनी हात वरून आणायला सुरुवात केली. पाय मात्र बेडकाचेच राहिले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर हे प्रशिक्षक आणि जॅक सीग हा त्यांचा पोहणारा यांनी त्याच दशकात माशाच्या शेपटीसारखे जोडून मारलेले पाय, म्हणजे डॉल्फिन किक, या हातांशी जुळवले. पण ते पाय ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात बसेनात. बरीच वर्षं हे त्रांगडं चाललं. शेवटी १९५२ मध्ये दोघींचं घर वेगळं झालं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला बटरफ्लाय पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उतरला. म्हणजे हात वरून आणि पाय बेडकाचे, अशी बटरफ्लाय शर्यतीत मारणारी माणसं डॉल्फिन किकच्या आधीपासून होती. तुमचे पाय दमल्यावर माहेरी जातात, एवढंच.

आणि हे कोचला जरूर सांगा. २५ वर्षांवरच्यांच्या ज्या मास्टर्स स्पर्धा असतात, त्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकचे पाय आजही चालतात, हाताच्या एका फेरीला एकदा. तरुणांच्या स्पर्धेत त्याच पायांवर बाद करतात. त्याने तरुणांचा नियम शिकलाय आणि शिट्टी काकूंवर वाजवतोय. तरी माझा सल्ला, ते पाय तूर्त राखीव ठेवा. बेडकाचा पाय मारायचा तर गुडघे पोटाकडे घ्यावे लागतात आणि वर सांगितलेली लाट तिथेच तुटते. आधी लाट येऊ दे, मग हवी ती चैन करा.

उद्यापासून काय करायचं? सगळ्यात आधी, पूर्ण लॅपचा नाद सोडा. सहाव्या-सातव्या हाताला बुडता असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पाचवा हात बिघडायला लागलेला असतो आणि सातवा पुरता गेलेला. आपण मात्र जिद्दीने तोच सातवा हात रोज गिरवतो, आणि अंग गिरवलेलं लक्षात ठेवतं, बरं-वाईट बघत नाही. चार हात मारा आणि थांबा. चौथा झकास गेला, अंगात जोर आहे, पाचवा नक्की जमेल असं वाटलं तरी थांबा. उभ्या राहा, श्वास पूर्ण जागेवर येऊ द्या, मग पुन्हा चार. हे करायचं वॉर्म-अपनंतर लगेच, पंधरा मिनिटं. ३० लॅप झाल्यावर उरलेल्या जिवावर अजिबात नाही.

पण चार हातसुद्धा लगेच नाहीत. पहिले तीन आठवडे हात बांधून ठेवा. पालथं तरंगायचं, हात मांड्यांना चिकटलेले, आणि छाती दाबून सोडून सहा-आठ लाटा. पुढे फारशा जाणार नाही, हरकत नाही. कंबर पाण्याबाहेर गार हवेला लागली की लाट बरोबर आली असं समजा. मग तेच हात पुढे ताणून. आखूड फिन, म्हणजे पावलांत घालायचे रबरी पंख, मिळाल्या तर घाला, लांब नकोत. फिनने लाट पावलांपर्यंत पोचल्याचं कळतं, आणि ते एकदा कळलं की काढून ठेवा. काही जणांना त्या काढवतच नाहीत, तसं करू नका. पाण्याखालून डॉल्फिन मारत लांब जायचा मोह होईल. भराभरा खोल श्वास घेऊन पाण्याखाली दम कोंडण्याचा खेळ मात्र करू नका, त्यात माणूस कुठलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो आणि वरून बघणाऱ्याला वाटतं मजेत आहे.

चौथ्या आठवड्यापासून एक हात. डावा पुढे ताणून ठेवायचा, उजव्याने बटरफ्लाय, श्वास फ्रीस्टाइलसारखा कुशीवर. दोन उजवे, दोन डावे. झटके मात्र दोन्ही मोजायचे, मनात नाही, पाण्यात बुडबुडे काढत: आत, बाहेर, आत, बाहेर. माझ्या मते सगळा बटरफ्लाय या एका व्यायामात आहे, आणि नेमका हाच लोक लहान मुलांचा म्हणून सोडतात. मुंबईच्या तलावांवर त्याचा आणखी एक फायदा आहे. सकाळी सहाच्या बॅचला एका लेनमध्ये आठ-दहा डोकी असतात, दोन्ही हात पसरायला जागा कुठे असते? एकेचाळीसाव्या वर्षी मी हा प्रकार शिकत होते तेव्हा समोरून येणाऱ्या एका सद्गृहस्थांचा गॉगल माझ्या डाव्या हाताने थेट खोल बाजूच्या तळाशी पोचवला. तो काढून द्यायला दोन बुड्या माराव्या लागल्या, माफी मागायला चार दिवस. एका हाताने लेनमध्ये कुणाला लागत नाही. दोन्ही हातांचे ते चार हात जमतील तेव्हा कडेची लेन घ्या, किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारची महिलांची बॅच असेल तर ती गाठा.

दोन उजवे, दोन डावे सलग बिनआवाजाचे व्हायला लागले की मग दोन उजवे, दोन डावे, दोन जोडीने. त्यानंतर जोडीचे चार. याला दोन महिने लागतील की पाच, मी सांगणार नाही, आणि तुम्हीही कॅलेंडरवर खुणा करू नका. लॅप मग कधी? चार-चार हातांमध्ये थांबण्याची वेळ आपोआप कमी होत गेली, की एक दिवस भिंत येईल. भिंतीला दोन्ही हात एकदम लावायला मात्र विसरू नका, तुम्हाला ते ब्रेस्टस्ट्रोकमुळे माहीतच आहे.

खांद्याबद्दल गंमत करणार नाही. पोहून आल्यावर स्नायू आंबणं वेगळं. पण माळ्यावरचा डबा काढताना कळ येते का? त्या कुशीवर झोपल्यावर रात्री जाग येते का? ब्लाऊजचे मागचे हूक लावायला हात मागे जातो का? या तिन्हींतलं एकही असेल तर या महिन्यात बटरफ्लाय बंद आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. चाळिशी-पन्नाशीत खांदा आखडून बसण्याचं दुखणं बायकांमध्ये बरंच दिसतं, साखर असेल तर अधिकच, आणि ते पोहून सुटत नाही. तसं काही नसेल तर घरी एक करून बघा. जमिनीवर उताणं झोपा, गुडघे वाकवून, कंबर जमिनीला टेकवून, आणि दोन्ही हात कानाशेजारून मागे न्या. कंबर न उचलता हात जमिनीला टेकले तर ठीक. टेकत नसतील तर दिवसभर की-बोर्डवर वाकून खांदे पुढे आलेत. मग पाण्यात हात खांद्यांच्या रुंदीवर न शिरता बाहेर फाकतात आणि ओढायला सुरुवातच वाकडी होते. रोज पाच मिनिटं हेच करत राहा, आठवड्यातून तीनदा रबर बँडने खांदा बाहेरच्या बाजूला फिरवण्याचा व्यायाम करा. जिमची फी वाचेल.

कोचवर फार रागावू नका. तो आठव्या-नवव्या वर्षी बटरफ्लाय शिकला असणार. त्या वयात पोरं बघून शिकतात, कसं शिकलो ते त्यांना आठवत नाही, मग शिकवताना हाताशी येतो तो शब्द म्हणजे ताकद. त्याला "माझं चुकतंय काय?" असं विचारू नका, तो पुन्हा पोटावर येईल. एकच विचारा: "माझं डोकं हातांच्या आधी पाण्यात जातं का, एवढंच बघून सांग." चार हात बघायला त्याला दहा सेकंद लागतील, आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं असल्याने तो नीट बघेल. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न: "हात बाहेर पडताना पाय पडतात का?" महिनाभरात तोच येऊन विचारेल, काकू, आज काय बघू?

मुलीला घरी व्हिडिओवर वीरधवल खाडे दाखवा, आपल्या कोल्हापूरचा. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजान सिंगने २०० मीटर बटरफ्लायला रौप्य आणलं, त्यानंतर २४ वर्षं पोहण्यात आशियाई पदक नाही, आणि २०१० मध्ये ग्वांगजौला वीरधवलने कांस्य आणलं तेही ५० मीटर बटरफ्लायचं. दुष्काळाच्या दोन्ही टोकांना बटरफ्लाय, याची मला उगाचच गंमत वाटते. व्हिडिओ हळू करून लावा आणि तिला सांगा, हात झाकून फक्त कंबर बघ. मग तिला तलावावर घेऊन जा आणि तुमची कंबर बघायला बसवा. कावळा म्हणण्याइतकी नजर तिला आहे, ती कामाला लावा.

बघणाऱ्या लोकांचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंत, खरं तर तेच पहिल्यांदा विचारायचं होतं असं मला वाटलं. बटरफ्लायकडे लोक बघणारच. तो सुरू झाला की सगळा तलाव बघतो, चांगला असो की वाईट, कारण लेनमध्ये दुसरं कुणी मारत नसतं. त्यातल्या निम्म्यांच्या मनात आपणही कधीतरी करून बघावं असं असतं आणि ते पाय आवरून उभे असतात. चार हातांवर थांबलात तर एक फायदा असाही आहे की बुडताना कुणाला दिसत नाही. चार हात, उभं राहायचं, गॉगल पुसायचा. बघणाऱ्याला वाटतं, हिला एवढंच मारायचं होतं.

आणि त्या काकांशी बोला. आठ महिने तुम्ही त्यांना लांबून बघताय आणि एकदाही काही विचारल्याचं पत्रात नाही. एकच लॅप का, दुसरा का नाही, आणि शिकलात कोणत्या वर्षी, हे दोन प्रश्न विचाराच. काय म्हणाले ते मला कळवा.

तुमची,
ताई